मऊ पाण्याचे मालक

सुरतेत भेस्तानला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरात मटण शिजतं का हेही विचारलं नाही. त्याआधीच्या चार घरमालकांचे हे तिन्ही प्रश्न विचारून झाले होते, त्यामुळे हा माणूस मला एकदम देवमाणूस वाटला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आठवड्याला धुणं किती निघतं?"

"दोघांचं कितीसं निघणार?" आमचे मिस्टर म्हणाले.

"नग सांगा."

मिस्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं, पंचवीस-तीस.

"वॉशिंग मशीन आहे?"

"नाही."

"घेणार?"

"सध्या तरी नाही."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "घेऊ नका. घेतलीच तर मला विचारल्याशिवाय नळाला जोडू नका. मशीन नळाला देणं म्हणजे पोरगी देण्यासारखं आहे, मॅडम. पाणी बघितल्याशिवाय द्यायची नाही."

आम्हाला खोली मिळाली. मी तिथल्याच मराठी शाळेत शिकवत होते आणि मिस्टर कडोदऱ्याला लूमचे फिटर. मूळचे आम्ही जालन्याकडचे. आमच्याकडे टँकर आला की पाणी मऊ आहे का कडक असं कुणी विचारत नाही, आधी हंडा लावतात. त्यामुळे या विषयात मी अगदीच अडाणी होते. पुढच्या चार वर्षांत काकांनी माझं शिक्षण पूर्ण केलं.

काका म्हणजे घरमालक. मूळचे पारोळ्याकडचे, तरुणपणी सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात लागले. तिथे बॉयलरला जाणारं पाणी मऊ करायचं खातं त्यांच्याकडे होतं. सॉफ्टनर म्हणजे एक टाकी, तिच्यात मधाच्या रंगाचे बारीक दाणे. बोरचं पाणी त्या दाण्यांमधून गेलं की त्यातला क्षार दाण्यांना चिकटतो आणि पाणी मऊ होऊन बाहेर पडतं. दाणे क्षाराने भरले की त्यांना मिठाचं पाणी द्यायचं, मग साध्या पाण्याने नीट खळाळून घ्यायचं, की दाणे पुन्हा कामाला तयार. एवढंच ते काम. काकांनी निवृत्त होईपर्यंत ते तीस वर्षं अशा चेहऱ्याने केलं होतं, की जणू सुरतेतली एकूण एक साडी त्यांच्याच खांद्यावर वाळत होती.

एकदा ते चार दिवस गावी गेले असताना बदलीच्या माणसाने दाण्यांना मीठ दिलं नाही आणि बॉयलरच्या नळ्यांमध्ये क्षार धरला. नळी फुटली. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर काकांनी रजा घेतली नाही. स्वतःच्या मुलीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ते दुपारी दोन तास गायब होते. मुलीला हळद लागत होती आणि बाप पलसाण्याला दाण्यांना मीठ लावत होता. ही गोष्ट ते स्वतःच अभिमानाने सांगत. ऐकणाऱ्याने मान डोलवली की म्हणत, "माणूस हार्टने जातो, मशीन क्षाराने जाते. हार्टला डॉक्टर आहेत. मशीनला कोण आहे?"

आणि थोडं थांबून स्वतःकडे बघत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात औषधाची एक छोटी बाटली असे आणि दुसऱ्या खिशात साबणाचं पाणी. कुठेही गेले की तिथलं पाणी बाटलीत घेत, साबणाचे चार थेंब टाकत आणि कानाशी धरून हलवत. फेस टिकला तर पाणी मऊ. फेस बसला आणि खाली दह्यासारखी साय दिसली तर पाणी कडक. हॉटेलात बसल्यावर ते चहाआधी पाणी हलवत. दवाखान्यात डॉक्टर त्यांचा बीपी बघत असताना हे डॉक्टरांच्या बेसिनचं पाणी बघत. भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांना त्यांनी शेती, नोकरी, व्यसन यातलं काही विचारलं नाही. बाटली हलवून झाल्यावर एवढंच म्हणाले, "पाणी फार कडक आहे हो तुमचं. सासू कशी असेल ते कळलं." लग्न मोडलं. पुढे त्या मुलाने दुसरीकडे संसार थाटला आणि सुखात आहे, पण हे काकांना सांगायची सोय नव्हती. ते म्हणत, "अजून नळी भरायची आहे. क्षार एका दिवसात धरत नाही."

तापीचा मात्र त्यांना फार अभिमान. सकाळी तासभर महापालिकेचं पाणी येई, ते तापीचं. ते प्यायला भरायचं. बाकी सगळं बोरच्या पाण्यावर. काका नळाखाली घागर लावत आणि मला सांगत, "आपल्या खानदेशातून येते ही. आपण पोटासाठी सुरतेला आलो, तर ती मागोमाग आली. मऊ आहे. घरची आहे ना." काकू मागे उभ्या असत.

काकूंबद्दल आधी सांगायला हवं होतं, पण त्या घरात सगळ्यांचं तसंच व्हायचं. काकूंचा नंबर पाण्यानंतर लागायचा.

काकू म्हणजे काकांची बायको. बुटक्या, काटक. वीस वर्षं त्यांनी घरी बसून साड्यांना लेस लावली होती, टिकल्या चिकटवल्या होत्या. मनगटं कामातून गेली होती. नाशिकला दिलेल्या मुलीला हे माहीत होतं, म्हणून तिने आईसाठी वॉशिंग मशीन पाठवली. समोरून काचेचं दार असलेली, पाणी तापवणारी, चांगली भारी. आम्ही राहायला जायच्या आधी पंधरा दिवस ती आली होती.

काकांनी ती न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात विटांच्या ओट्यावर बसवली. त्या दिवशी बोरचं पाणी हलवून बघितलं आणि जाहीर केलं, की या पाण्यावर ही मशीन दोन वर्षंसुद्धा जगणार नाही. आत हीटर असतो, त्याच्यावर चुन्याचा थर बसतो, हीटर तापतो पण पाणी तापत नाही, शेवटी जळतो. पाणी आत येतं तिथली जाळी बुजते. साबण फेस देत नाही, कपडे राखाडी होतात. हे सगळं खरं होतं. त्यांचं म्हणणं नेहमी खरंच असायचं. अडचण तिथून पुढे सुरू व्हायची.

त्यांनी कारखान्यातून बाद झालेला एक लहान सॉफ्टनर मिळवला. कमरेएवढी निळी टाकी. तिच्यात नवे दाणे भरले, बोरची नळी टाकीला जोडली, टाकीची मशीनला. कोपऱ्यात मिठाचं पोतं आलं. आठ दिवसांत पाणी असं मऊ झालं की बाटलीतला फेस संध्याकाळपर्यंत उभा.

"आता लावायची का?" काकूंनी विचारलं. हे मी स्वतः ऐकलेलं आहे, जिन्यात उभी होते.

"काय लावायचं?"

"धुणं."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने देवघरात चपला ठेवायचं विचारलं होतं. मग समजावून सांगितलं. हे कपडे वीस वर्षं बोरच्या पाण्यात धुतलेले. त्यांच्या धाग्याधाग्यात क्षार बसलेला. हे कपडे आत घातले की सगळा क्षार मशीनच्या पोटात जाईल. मग सॉफ्टनर कशाला लावला? रोग्याला उचलून आयसीयूत टाकल्यासारखं होईल. म्हणजे मशीन आयसीयू, आणि रोगी आत गेला तर आयसीयू बिघडेल.

"मग काय घालायचं तिच्यात?"

"नवीन कपडे. ज्यांना बोरचं पाणी लागलेलं नाही असे."

"नवीन कपडे कसाले धुवाना?" काकू म्हणाल्या. नवे कपडे कशाला धुवायचे, हा प्रश्न त्यांनी आपल्या अहिराणीत विचारला. काका मीठ मोजायला गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घेतलेला एक पांढरा सदरा मात्र एकदा त्या मशीनमध्ये धुतला गेला. एकटाच. पाऊण तास तो आत गरगरत होता आणि काका स्टूल टाकून समोर बसले होते. बाहेर काढून त्यांनी तो गल्लीत दाखवला. पुढच्या वेळी त्याला मळ लागला तेव्हा काकूंनी चुकून बोरच्या पाण्यात टाकला आणि त्या दिवसापासून त्या सदऱ्यालाही मशीनचा दरवाजा बंद झाला. काकांचे बाकीचे सदरे इतके खरखरीत असत की दोरीवरून काढल्यावर घडीच होत नसे. पापडासारखे मोडत. ते अंगात घालून हा माणूस दुसऱ्यांना मऊपणा शिकवत फिरायचा.

काकू रोज सकाळी मागच्या दगडावर बसून बोरच्या पाण्यात धुणं धुवायच्या. साबण घासून घासून संपायचा, फेस येत नसे. हाताला भेगा. त्यांच्यापासून चार हातांवर, दोन पदरी कव्हर पांघरून मशीन उभी. मी वरच्या गॅलरीतून शाळेला जायच्या आधी हे रोज बघायचे. मी आणि मिस्टर यावर खूप हसायचो. हसण्यापलीकडे आम्ही तीन वर्षं काही केलं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

कंपनीचा मेकॅनिक पहिल्या वर्षी फुकट तपासणीला आला. उत्तरेकडचा हसरा मुलगा. त्याने मशीन उघडली, आत टॉर्च मारली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, इसमें तो कपड़ा गया ही नहीं है."

"क्षार है क्या?" काकांनी विचारलं.

"क्षार कहाँ से आएगा?"

"लिखके दो."

त्याने खरंच कागदावर लिहून दिलं, की क्षार नाही. तो कागद काकांनी फ्रेम करून मशीनच्या वर लावला. जाताना तो बिचारा सांगत होता, की काळजीचं एवढं काही नाही. महिन्यातून एकदा दोन-तीन चमचे लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानात मिळतात ते आंबट पांढरे खडे, रिकाम्या मशीनमध्ये टाका, गरम पाण्यावर फिरवा. पाणी येतं तिथली जाळी काढून धुवा. आणि कपडे धुवा, मशीन त्यासाठीच असते.

काकांनी यातलं लिंबूफूल तेवढं ऐकलं. तेही अर्धंच. "महिन्याला दोन चमचे हे साध्या माणसांसाठी. आपण डाइंगमधले," असं म्हणून त्यांनी दर शनिवारी ओंजळभर सुरू केलं. शनिवारी सकाळी मशीनचं कव्हर निघे. काका आंघोळ करून, स्वच्छ होऊन समोर बसत. ओंजळ आत जाई, दार लागे, आणि ज्या मशीनने कधी मळ बघितला नव्हता तिची आठवड्याची सफाई सुरू होई. शेजारच्या दगडावर काकू चादरी आपटत असत. एकाच वेळी दोन आवाज यायचे, एक गुरगुरण्याचा आणि एक धपाधप. जिच्यातून मशीन पाणी टाकायची ती नळी गटारात सोडलेली होती. तेवढं मऊ, गरम पाणी काकूंच्या पायांजवळून वाहत जायचं.

मुलीचा नाशिकहून रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. त्या वेळी काका मशीन मोकळीच चालू करून ठेवत. मुलगी विचारायची, "आई, मशीन वापरतेस ना गं?" मागे मशीन फिरताना दिसे. काकू म्हणायच्या, "हां, फिरी राह्यनी ना." फिरते आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

पुढे पुढे काकांना स्वतःची मशीन पुरेना. गल्लीतल्या ज्या ज्या घरात मशीन होती तिथे ते शिरायला लागले. बाया एकट्या असोत, पाहुणे असोत, हे सरळ आत जाऊन मशीनच्या मागची जाळी काढून उजेडात धरायचे. एकीच्या हीटरवरून त्यांनी क्षाराचा एक तुकडा खरवडून काढला, पांढरा, सच्छिद्र, अंगठ्याएवढा. तो कागदाच्या पुडीत घालून ते सगळीकडे नेत. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला माणसं बसली होती. बोलण्याला जरा खंड पडला तसा काकांनी पुडी उघडून तुकडा मध्ये ठेवला. शेजारच्या गुजराती गृहस्थांनी ती अस्थी समजून हात जोडले. त्यांचं बघून आणखी दोघांनी जोडले. मयताच्या मुलाने तर वाकून नमस्कारच केला.

"हीटरवरचा आहे," काका म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही, निदान मशीनकडे द्या."

त्यानंतर त्यांना गल्लीत दहाव्याचं आमंत्रण बंद झालं. लोक हार्टला घाबरत होते त्यापेक्षा त्यांना जास्त घाबरायला लागले.

आता चौथ्या वर्षाचं सांगते, कारण त्यात मी सापडले.

झालं असं, की सॉफ्टनरचे दाणे लवकर थकायला लागले. एवढ्या कमी वापरावर पंधरा दिवसांनी मीठ लागायला हवं, ते चार दिवसांत लागायला लागलं. काकांनी बाटली हलवली, फेस बसला. मीठ दिलं. चार दिवसांनी पुन्हा फेस बसला. त्यांनी भिंतीवर खडूने तारखा लिहिल्या. मग निष्कर्ष काढला, की मऊ पाण्याची चोरी होते आहे.

संशयित आम्ही दोघं. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे काकू होत्या, पण काकू त्यांच्या हिशेबात मोजल्याच जात नव्हत्या.

एका सकाळी मी शाळेला निघाले तर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. माझ्या डोक्याकडे टक लावून म्हणाले, "मॅडम, तुमचे केस हल्ली फार मऊ दिसतात."

मी गारच झाले. माझ्या मागे मिस्टर होते. ते सायकलची साखळी बसवताना होतात तसे लाल झाले. "काका, काय बोलताय तुम्ही?"

"गैरसमज नको. मी पाण्याच्या दृष्टीने बोलतोय."

मी रविवारी तापीच्या पाण्याने केस धुवायचे, प्यायच्या घागरीतलं वाचवून. हे सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी आमच्या न्हाणीतल्या बादलीचं पाणी हलवून बघितलं. कडक निघालं. ते म्हणाले, "चोर बादली धुऊन ठेवतो." टॉवेलला हात लावून बघितला. मग सॉफ्टनरच्या नळाला, म्हणजे बाटलीसाठी पाणी घ्यायला टाकीला बाजूने जो नळ बसवला होता त्याला, कुलूप घातलं. कुलूप घालूनही चौथ्या दिवशी फेस बसला, आणि काकांनी वर येऊन आम्हाला सांगितलं, की महिनाअखेर खोली रिकामी करा.

ऐन परीक्षांचे दिवस. शाळा पायी पाच मिनिटांवर. मिस्टर दिवसपाळी-रातपाळी करणारे. आणि आता शहरभर नवीन घरमालकांना तेच तीन प्रश्न विचारू द्यायचे. मी खाली गेले आणि पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हटलं, "काका, मी शिक्षिका आहे. पाणी चोरलं म्हणून घर सोडलं, हे मी शाळेत काय तोंडाने सांगू?"

"सांगू नका. मी सांगतो."

"पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा तुमच्या डोक्यावर आहे!"

गल्लीतली चार-पाच माणसं दारात जमली होती. तेवढ्यात काकू न्हाणीतून बाहेर आल्या. केस ओले, मोकळे सोडलेले, कमरेच्या खाली. इतके लांब केस त्यांना आहेत हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं, कारण एरवी ते वाळल्या गवतासारखे गुंडाळून पदराखाली असत.

"तिले कसाले बोली राह्यनात?" त्या म्हणाल्या. "पानी मी लिधं." पाणी मी घेतलं.

काका हसले. "तू? नळाला कुलूप आहे."

काकू मशीनच्या मागे गेल्या. कव्हर वर केलं, टाकीतून थेट मशीनमध्ये पाणी जातं ती नळी धरली आणि दोन फेऱ्यांत सोडवून दाखवली. त्या नळीला हात लावायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. नळीतून पाणी भळभळ सांडलं, ते त्यांनी तळहातावर घेतलं.

"रोज दुपारले," त्या म्हणाल्या. "तुमी देवळाना ओटावर लोकेस्ले पानी शिकाडाले जातस तव्हय." देवळाच्या ओट्यावर लोकांना पाणी शिकवायला तुम्ही जाता तेव्हा. "दोन महिना व्हई ग्यात. आधी डोकं धोयं. फेस उना. तीस वरीसमा पहिला डाव मन्हा डोकावर फेस उना. मंग रोजच लेवाले लागनू." तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर फेस आला होता.

मी त्यांच्याकडे बघत होते आणि खरं सांगायचं तर माझी खोली वाचली, हेच माझ्या मनात आधी आलं. मग लाज वाटली.

काका आता काय बोलतील याची सगळे वाट बघत होते. तीस वर्षं बॉयलरला मऊ पाणी दिलं, तीन वर्षं मशीनला दिलं, आणि बायकोला बादलीभर चोरावं लागलं, हे या माणसाला आता तरी लागेल असं वाटत होतं. ते म्हणाले,

"मग सांगायचं नाही का? मी मीठ वाढवलं असतं."

काकूंनी हातातली नळी खाली टाकली नाही. परत बसवली, घट्ट केली, दोन फेऱ्या. मग दगडावर पडलेलं सगळं धुणं उचललं. चादर, दोन लुगडी, काकांचे तीन पापड सदरे, पायपुसणं. सगळं. मशीनचं दार उघडून आत कोंबलं.

"आते चालू करा," त्या म्हणाल्या. "मन्हा समोर."

"अगं, हे बोरचे कपडे..."

"चालू करा."

गल्ली बघत होती. काका मशीनसमोर आले. बटण दाबलं. मशीनमध्ये पाणी भरलं, काचेमागे फेस आला आणि तो काचभर चढला. एका बाईने टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरगी सासरी निघाली असावी असे ते तिच्यासमोर उभे होते. मला तर वाटतं, त्या अर्ध्या तासात ते थोडे सुखीही झाले. काचेवर हात ठेवून म्हणाले, "बघा फेस."

मग पिळायची वेळ आली. मशीन जोरात फिरायला लागली, ओल्या चादरीचं वजन एका बाजूला गेलं आणि आत काहीतरी कडाडलं. ओट्यावरून मशीन हातभर पुढे उडी मारून आली. मेकॅनिकच्या कागदाची फ्रेम खाली पडून फुटली. आतून लोखंडी डबा घरंगळावा असा आवाज आला, आणि दारातून सगळं पाणी काकांच्या पायांवर.

दुसऱ्या दिवशी तोच हसरा मेकॅनिक आला. मशीनचं मागचं झाकण काढलं. डोकं खाजवलं. ज्या तीन हातांच्या धातूच्या तुकड्यावर आतला ड्रम बसतो, त्याचे दोन हात खाऊन खाऊन पोकळ झाले होते. बोटाने दाबलं तर भुगा पडत होता. दाराचं रबरही चिरलेलं.

"कितना नींबू का फूल डाला, काका?"

काकांनी ओंजळ दाखवली.

"महिने में?"

"हफ्ते में."

त्याने मान हलवली. मग मऊ पाणी जिभेवर घेऊन बघितलं. खारट. म्हणजे मीठ दिल्यावर दाणे नीट खळाळून घेतलेच जात नव्हते. पाणी मऊ झालं का एवढंच काका बघायचे. आंबट आणि खारट, तीन वर्षं हेच त्या मशीनने खाल्लं होतं. रिकामी होती म्हणून फिरत होती, पहिल्यांदा अंगावर वजन पडलं आणि गेली. त्या मुलाने सांगितलं, की दुरुस्तीत अर्थ नाही.

काका खाली बसले. त्यांनी तो भुगा चिमटीत घेतला. मग हळूच विचारलं, "हीटरवर क्षार?"

त्याने हीटर ओढून काढला. चकचकीत.

"एक दाना नहीं, काका."

आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे. "ऐकलं ना?" ते म्हणाले. "क्षाराने नाही गेली."

मुलीला काकूंनीच फोनवर सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. ती म्हणाली, पप्पांना दे. पप्पा त्या वेळी देवळाच्या ओट्यावर निघून गेले होते. मशीन भंगारवाल्याने नेली. काका टेम्पोच्या मागून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि त्याला बजावत राहिले, की हीटर वेगळा काढून ठेव, तो नवा आहे.

निळी टाकी काकूंनी जाऊ दिली नाही. मिठाचं पोतं, मीठ किती द्यायचं, मग किती वेळ खळाळायचं, हे त्यांनी काकांकडून दोनदा वदवून घेतलं आणि काकांपेक्षा नीट करायला लागल्या. टाकीची नळी थेट मागच्या दगडाकडे वळवली. आणि धुणं बंद केलं.

"तुमनं पानी, तुमनं धुनं," एवढंच नवऱ्याला म्हणाल्या. तुमचं पाणी, धुणंही तुमचं. स्वतःचं लुगडं तेवढं त्या आंघोळीबरोबर पिळून घेत.

काकांनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी कारखान्यातली जुनी खाकी वर्दी काढून घातली. आठव्या दिवशी वर्दीलाही वास यायला लागला. नवव्या दिवशी सकाळी मागचं फाटक आतून लावलं गेलं. मी गॅलरीतून बघितलं तर काका लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून दगडावर बसले होते आणि सदऱ्याच्या कॉलरला साबण लावत होते. फेस आला. ते थबकले. पुन्हा घासलं, आणखी आला. कोपरापर्यंत आला.

दोन आठवड्यांत फाटक उघडं राहायला लागलं. महिन्याभरात काका दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला लागले. मशीनमध्ये कपडा मरतो. धागा पिळून निघतो. हाताच्या धुण्याला पर्याय नाही. दगड पाहिजे, मऊ पाणी पाहिजे, आणि हात पाहिजे. बायकांना हे कळत नाही, बायका उगाच आपटतात. त्यांनी एका शेजारणीला तिची चांगली चालणारी मशीन विकून टाकायचा सल्ला दिला. आमची नोटीस अर्थातच रद्द झाली होती. ती दिली होती हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

मग आम्ही शाळेच्या बदलीमुळे घर सोडलं. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला खाली गेले तेव्हा काका आमच्या टेम्पोवाल्याला धरून बसले होते, त्याच्या शर्टाची कॉलर तपासत. कॉलर आतून आधी घासायची असते, बाहेरून नाही, हे तीस वर्षं आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं, असं त्याला सांगत होते. बोलता बोलता चादर पिळत होते.

काकू ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. वेणी घातलेली, मांडीवर रिकामे हात. मी वाकून नमस्कार केला आणि न राहवून हळूच म्हटलं, "काकू, धुणं कसं धुवायचं हे आता काका शिकवणार लोकांना? तुम्ही ऐकून कसं घेता हो?"

काकूंनी नवऱ्याच्या चादर पिळणाऱ्या हातांकडे एकदा बघितलं.

"बोलू दे व माय," त्या म्हणाल्या. "हात चाली राह्यनात ना."